अर्ध्या गुणाची स्कोअरशीट

१५०० रेटिंगचा ज्युनिअर १७०० च्या खेळाडूला बरोबरीत रोखतो. अपेक्षित गुण ०.२४, मिळाला अर्धा. के-फॅक्टर ४० असेल तर रेटिंगमध्ये साधारण १० गुणांची भर. पालक खूश, क्लबच्या ग्रुपवर अभिनंदन, आणि स्कोअरशीट बॅगेच्या तळाशी. आपण प्रशिक्षक हरलेला डाव सोलून काढतो, जिंकलेला मिरवतो. बरोबरीच्या डावावर मात्र ‘ठीक खेळलास’ एवढाच शेरा मारतो.

इंजिनला विचारावे तर ते शेवटच्या वीस चालींपुढे ०.०० लिहून मोकळे होते. त्या शून्यात केवढा फरक लपलेला असतो! फिलिडोरने १७७७ मध्ये दाखवलेला हत्तीचा बचाव घ्या. काळा राजा प्याद्याच्या वाटेत, काळा हत्ती सहाव्या रांगेवर. पांढरे प्यादे पाचव्या रांगेत आहे तोवर हत्ती त्याच रांगेत इकडेतिकडे सरकवत बसले तरी भागते. प्यादे सहाव्यात शिरले, की पांढऱ्या राजाचा आडोसा जातो. हत्ती तडक मागे नेऊन पाठीमागून शह द्यायलाच हवेत. इंजिनसाठी दोन्ही क्षण सारखेच. मुलाला तो दुसरा क्षण ओळखता आला, की चाल नुसती हाताला लागली, हे त्यालाच विचारावे लागेल.

१७००वाल्याच्या प्रशिक्षकाचे काम याहून अवघड. त्याचा अर्धा गुण बहुधा शेवटी गेलेलाच नसतो. एक प्यादे वर असताना मोहरी मारायची आणि प्यादी राखायची, हे सगळ्यांना पाठ असते. पटावर मात्र आपण दिसेल ते प्यादे मारत सुटतो. मग एकाच बाजूला चारास तीन प्यादी आणि एकेक हत्ती उरतो, आणि तो डाव अचूक बचावापुढे जिंकता येत नाही. तेव्हा चूक पंचावन्नाव्या चालीत नव्हे, अठ्ठाविसाव्या चालीच्या आसपास शोधा.

नियमांचेही तेच. तीनदा तीच स्थिती येणार असेल तर चाल आधी लिहायची, न खेळता पंचांना सांगायचे. आपली मुले चाल खेळून, घड्याळ दाबून मग हात वर करतात. तोवर त्या चालीवरचा दावा गेलेला असतो.

या महिन्यात क्लबमधली बरोबरीची एक स्कोअरशीट काढा, हत्तीच्या डावापासून पट मांडा आणि त्याच दोघांना रंग बदलून, दहा-दहा मिनिटांवर पुन्हा बसवा. इंजिन बंद ठेवून.