प्रकृतिपत्रकाचीही परीक्षा व्हावी

रुग्णाकडून प्रकृतिपत्रक भरून घेण्याची पद्धत आता चिकित्सालयांत आणि औषधालयांतही रुळत चालली आहे. केंद्रीय आयुष मंत्रालयाने २६ नोव्हेंबर २०२४ रोजी आरंभिलेल्या ‘देश का प्रकृति परीक्षण’ अभियानात तर एक कोटीहून अधिक नागरिकांचे परीक्षण झाले. याचे समाधान आम्हांसही आहे. परंतु ज्या मापाने आपण प्रकृती मोजतो ते माप कितपत स्थिर आहे, हा प्रश्न वैद्यवर्गाने आपण होऊन विचारावयास हवा, असे आमचे स्पष्ट मत आहे. या बाबतीत व्यक्तिमत्त्व मानसशास्त्राची वाटचाल बोधप्रद आहे.

माणसामाणसांच्या स्वभावांत भेद कोणते, ते किती टिकाऊ आणि कशामुळे उद्भवतात, याचा अभ्यास हे शास्त्र करते. चरकसंहितेच्या शारीरस्थानातील सात सात्त्विक, सहा राजस व तीन तामस असे सोळा सत्त्वप्रकार ज्यांनी अभ्यासले आहेत, त्यांस हा विषय परका वाटू नये. १९३६ मध्ये ऑलपोर्ट व ऑडबर्ट या अमेरिकी अभ्यासकांनी इंग्रजी शब्दकोशातून माणसांतील भेद दर्शविणारे सुमारे १८,००० शब्द वेचले. त्यांपैकी सुमारे ४,५०० शब्द स्थायी गुणांचे वाचक ठरले. पुढे कोणते गुण सहसा एकत्र आढळतात हे गणिताने तपासता तपासता अनेकांच्या श्रमांतून पाच प्रमुख घटक पुढे आले: बहिर्मुखता, सौहार्द, कर्तव्यदक्षता, भावनिक अस्थिरता आणि नवानुभवांची ओढ. येथे माणसाला एका कप्प्यात बसवीत नाहीत, तर प्रत्येक घटकाचे तारतम्य पाहतात.

या शास्त्राने आपल्या प्रश्नावलीस तीन प्रश्न विचारले. तीच व्यक्ती काही काळाने पुन्हा तपासली तर उत्तर तेच येते काय? व्यक्तीने स्वतःविषयी सांगितलेले आणि तिला जवळून ओळखणाऱ्यांनी सांगितलेले जुळते काय? आणि त्या उत्तरावरून पुढील वर्तनाचा अंदाज बांधता येतो काय? १९६८ मध्ये वॉल्टर मिशेल यांनी दाखविले की, अशी मापने व प्रत्यक्ष प्रसंगातील वर्तन यांचा सहसंबंध क्वचितच ०.३० च्या वर जातो. या टीकेने खळबळ उडाली. पण तिच्यामुळेच एका प्रसंगाऐवजी अनेक प्रसंगांतील वर्तनाची सरासरी पाहण्यावर भर वाढला.

आणखी एक प्रयोग आपण विसरू नये. १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर यांनी ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेऊन प्रत्येकास त्याचे ‘स्वभाववर्णन’ दिले. मजकूर सर्वांना एकच होता. तरीही विद्यार्थ्यांनी त्यास अचूकतेबद्दल पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले! तेव्हा ‘वैद्यराज, अगदी खरे सांगितलेत’ या रुग्णाच्या उद्गाराने प्रकृतिनिश्चय सिद्ध होत नाही.

आपल्या क्षेत्रातही याची जाणीव होऊ लागली आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १५ वैद्यांनी २० निरोगी व्यक्तींची नाडी, जिव्हा व प्रकृती तपासली. त्यांच्यातील एकमत अल्पच आढळले. प्रकृती व जनुके यांच्या संबंधावर देशात मौलिक संशोधन चालू आहे. परंतु त्याचा पायाही वैद्याने केलेला प्रकृतिनिश्चयच आहे. तो डळमळीत असेल तर प्रयोगशाळेचा खर्च व्यर्थ जाईल.

संहितोक्त सिद्धान्तास परकी फूटपट्टी कशाला, असा आक्षेप काही ज्येष्ठ घेतील. त्यांस आमचे नम्र निवेदन असे की, येथे परीक्षा सिद्धान्ताची नसून आपण छापलेल्या पत्रकाची आहे. आप्तोपदेशाबरोबरच प्रत्यक्ष, अनुमान व युक्ती यांनीही परीक्षा करावी, असे चरकाचार्यच सांगतात.

म्हणून आम्ही सुचवितो की, प्रत्येक शाखेतील दोन वैद्यांनी वीस व्यक्तींची प्रकृती परस्परांस न विचारता स्वतंत्रपणे नोंदवावी, तीन महिन्यांनी पूर्वीची नोंद न पाहता पुन्हा नोंदवावी आणि दोन्ही नोंदी संघटनेकडे धाडाव्यात. जे प्रश्न विसंगत ठरतील ते पत्रकातून गाळावेत. औषधालयांच्या मालकांनीही तोवर ग्राहकाने स्वतः भरलेल्या पत्रकावरून ‘वातप्रकृतीसाठी’, ‘पित्तप्रकृतीसाठी’ अशी औषधे देऊ नयेत. त्यास वैद्याकडे पाठवावे. यात चार दिवस विक्री घटेल, हे आम्ही जाणतो. तथापि चुकीच्या निश्चयावर दिलेले औषध लागू पडले नाही, तर रुग्ण दोष पत्रकाला न देता आयुर्वेदालाच देईल.