जर्मनीचं सेकंड इयरलाच ठरवा

‘अमेरिकेचं काही खरं नाही, मग जर्मनीला टाकू का?’ हल्ली येणाऱ्या पत्रांत हा प्रश्न हमखास असतो. विचारणाऱ्यांचंही चुकत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये एच-१बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर झालं. पुढे खुलासे आले, तिथेच शिकून नोकरीला लागणाऱ्यांना त्यातून सूट आहे हेही कळलं, पण घरोघरी धसका बसायचा तो बसलाच. कॅनडाने २०२४ पासून विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा घातली आहे. मग उरतो जर्मनी, आणि तिथे म्हणे फी नसते.

फीचं बऱ्याच अंशी खरं आहे, पण सरसकट नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग हे राज्य २०१७ पासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला १,५०० युरो घेतं; आपल्या मेकॅनिकलवाल्यांची लाडकी स्टुटगार्ट आणि कार्ल्सरूह त्याच राज्यात येतात. म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीने २०२४ च्या हिवाळी सत्रापासून मास्टर्सच्या बहुतेक अभ्यासक्रमांना सत्रामागे ४,००० किंवा ६,००० युरो लावले. बाकीच्या सरकारी विद्यापीठांत मात्र काही शे युरोंची सत्रवर्गणी भरली की भागतं. खरा आकडा असतो तो ब्लॉक्ड अकाउंटचा. वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधी खात्यात दाखवायचे आणि तिथे गेल्यावर महिन्याला ९९२ या हिशेबाने काढायचे. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तरी हे बारा लाखांच्या घरात जातं. पैसे आपलेच असतात, पण ‘फुकट शिक्षणा’साठी एफडी मोडायची वेळ यायची ती येतेच.

तरीही पैशाचा प्रश्न कर्ज काढून सुटतो. वेळेचा सुटत नाही. सातव्या सत्रात, कॅम्पस प्लेसमेंटमध्ये मनासारखं झालं नाही म्हणून जो मुलगा कन्सल्टंटच्या दारात उभा राहतो, त्याच्या हातातून तोवर निम्मा जर्मनी गेलेला असतो.

आधी विषयांचं बघू. अमेरिकेत मेकॅनिकलचा मुलगा डेटा सायन्सला जाऊन बसला, अशी उदाहरणं प्रत्येक सोसायटीत सापडतील. जर्मनीत हे फार अवघड. तिथलं मास्टर्स बहुधा पदवीच्या विषयाला जोडूनच असतं. गणिताचे इतके क्रेडिट, प्रोग्रॅमिंगचे इतके, अमुक इतके मूळ शाखेचे, अशी यादी अभ्यासक्रमाच्या प्रवेशनियमांत दिलेली असते, आणि तिथले प्राध्यापक आपली मार्कशीट व सिलॅबस समोर ठेवून एकेक विषय ताडून बघतात. क्रेडिट कमी भरले की नकार. ऑनलाइन केलेल्या सर्टिफिकेटांचा गठ्ठा तिथे सहसा उपयोगी पडत नाही. आणि आपल्याकडे ओपन इलेक्टिव्ह कसा निवडला जातो? ‘कुठले सर मार्क सोडतात’ या एकाच निकषावर. तिसऱ्या वर्षी घेतलेला तो सोपा विषय दीड वर्षाने नकाराच्या मेलमध्ये भेटतो. नव्या शैक्षणिक धोरणात मायनर आला आहे, शाखेबाहेरचे क्रेडिट जमवायची ती खरी संधी. पण जर्मनीची यादी शेजारी ठेवून मायनर निवडणारी मुलं मला फारशी भेटत नाहीत.

मार्कांचं गणित तर बहुतेकांना अर्ज भरतानाच कळतं. तिकडे १ म्हणजे अव्वल आणि ४ म्हणजे काठावर पास. आपले गुण त्या पट्टीवर नेताना कमाल गुणांतून मिळालेले गुण वजा करायचे, त्याला कमाल आणि पासिंगच्या फरकाने भागायचं, तीनने गुणायचं आणि एक मिळवायचा. समजा, सीजीपीए ७.५ आहे. पासिंग ४ ला असेल तर उत्तर २.२५ येतं, पासिंग ५ ला असेल तर तेच ७.५ थेट २.५ वर जातं. कित्येक अभ्यासक्रमांची रेघ २.५ लाच असते. म्हणजे एकाच सीजीपीएचे दोन कॉलेजांतले दोघे, एक आरामात आत आणि दुसरा उंबरठ्यावर! शिवाय आखेनसारख्या ठिकाणी हिवाळी सत्रासाठी युरोपबाहेरच्यांना मार्चच्या सुरुवातीपर्यंतच अर्ज करता येतो. तेव्हा आपल्याकडे आठवं सत्र नुकतंच चालू झालेलं असतं. मग ‘फायनल इयरला मार्क ओढतो’ या बेताला काय अर्थ उरतो?

जाता जाता एटीकेटीवर वाढलेल्यांसाठी: तिकडे बहुतेक विद्यापीठांत एका विषयाच्या परीक्षेला तीनच संधी मिळतात. तिसऱ्यांदा नापास झालं की तो अभ्यासक्रमच संपतो.

आता भाषा. ‘कोर्स इंग्रजीत आहे, जर्मन कशाला?’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता रागही येत नाही. कोर्स इंग्रजीत असतो, पण घरमालक, सरकारी कचेरी आणि नोकरी इंग्रजीत नसते. शिकताना वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करायची मुभा आहे, पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात. कागदावर हे उत्तमच. पण जर्मन इंजिनिअरिंगचा मोठा भाग छोट्या गावांतल्या मध्यम आकाराच्या कंपन्यांत आहे, आणि तिथल्या शॉप फ्लोअरवर जर्मन बोललं जातं. त्यात वाहन उद्योगाचे दिवस कठीण आहेत. फोक्सवॅगनने डिसेंबर २०२४ मध्ये कामगार संघटनेशी केलेल्या करारात २०३० पर्यंत ३५ हजारांहून अधिक पदं कमी करायचं ठरलं आहे. जागा आटल्या की इंग्रजीवर निभावून नेणाऱ्याचा नंबर शेवटी लागतो, असं माझं मत आहे. पुण्यात मॅक्स म्युलर भवन आहे, विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग रानडे इन्स्टिट्यूटमध्ये आहे. सोय नाही अशी सबब पुणेकरांना तरी देता येणार नाही. कॉलेज सांभाळून जर्मनच्या बी१ पातळीपर्यंत पोहोचायला दीड-दोन वर्षं लागतात. सातव्या सत्रात ती आणायची कुठून?

या घाईचा फायदा उठवणारेही आहेत. सरकारी विद्यापीठात जमत नाही म्हटल्यावर काही एजंट फी घेणाऱ्या खासगी विद्यापीठांची पत्रकं पुढे सरकवतात. वाईटच असतात असं नाही, पण दहा-पंधरा लाख फी भरायचीच असेल तर जर्मनीच का, हे आधी विचारून घ्या. शाखाच बदलायची असेल तर आयर्लंडकडे बघा. तिथे कन्व्हर्जन कोर्स मिळतात, मास्टर्स बहुधा वर्षभराचं असतं आणि त्यानंतर दोन वर्षं राहता येतं.

जळगावच्या एका आईने विचारलंय, मुलगी इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या सत्रात आहे, आत्ताच काय करायचं? ताई, या सुट्टीत तिला जर्मनच्या पहिल्या पातळीला, ए१ ला घाला, ऑनलाइन चालेल. तिच्या आवडीच्या चार अभ्यासक्रमांचे प्रवेशनियम तिलाच उतरवून काढू द्या, आणि पुढच्या इलेक्टिव्हचा फॉर्म भरताना ते समोर ठेवा. प्रत्येक विषयाचा सिलॅबस कॉलेजच्या सही-शिक्क्यासह दर सत्राला जमवून ठेवा. चार वर्षांनी ऑफिसात एकदम मागायला गेलात तर हेलपाटे पडतात. कागद पडताळणीचं एपीएस प्रमाणपत्र नोव्हेंबर २०२२ पासून सक्तीचं आहे, त्याला १८ हजार रुपये आणि काही आठवडे धरून ठेवा. कन्सल्टंटची गरज आत्ता तरी नाही.