नाव बदलले, हिशेब तोच

दुकानाचा हिशेब लिनक्स संगणकावर दोन डिस्कच्या जोडीत, म्हणजे सॉफ्टवेअर रेडमध्ये, ठेवणाऱ्या बांधवांनी घाबरू नये. संगणक सुरू होताना 'एमडी०' कधी 'एमडी१२७' होते आणि खाती उघडत नाहीत. बहुतेक वेळा डेटा शाबूत असतो. संगणकाचे नाव बदलले, किंवा प्रारंभीच्या इनिट्रॅमएफएसमध्ये जोडीची नोंद नसली, की ती परकी ठरते. मग १२७ पासून खाली मोजत नंबर मिळतो. 'जोडी नव्याने बनवू' म्हणणाऱ्या मेकॅनिकला आमच्या मते तिथेच थांबवावे. त्यात हिशेब कायमचा जाऊ शकतो. एमडीएडीएमच्या कॉन्फ फाइलीत नोंद करून इनिट्रॅमएफएस पुन्हा तयार करवावी, एफएसटॅबमध्ये यूयूआयडी लिहवावा. त्याआधी हिशेबाची नक्कल वेगळ्या डिस्कवर आहे का, हे मालकाने स्वतः पाहावे.