खुब्याचे हाड मरते तेव्हा

विदर्भातील कोणत्याही मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या अस्थिरोग विभागात सकाळी जाऊन बसा. रांगेत वीस-बावीस वर्षांचा एखादा तरुण लंगडत येताना हमखास दिसेल. लहानपणापासून त्याचे हातपाय ठणकतात. गावातल्या कुणी वात म्हटले, कुणी बाहेरची बाधा म्हटली, शाळेतल्या गुरुजींनी कामचुकार म्हटले. दुखायला लागले की दुकानातून गोळी आणायची आणि घाम गाळायला पुन्हा शेतावर जायचे. आज मोठा डॉक्टर एक्स-रे उजेडाकडे धरून सांगतो की, मांडीच्या हाडाचा गोल माथा खचून चपटा झाला आहे, आता सांधा बदलावा लागेल. का खचला, असे विचारले तर उत्तर येते, सिकलसेल. हा शब्द त्या घराने त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलेला असतो.

ही एका माणसाची गोष्ट म्हणून सोडून देता येणार नाही. म्हणूनच आज हाडांच्या या दुखण्याविषयी आम्ही लिहीत आहोत.

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, एवढे आता बऱ्याच लोकांना ठाऊक झाले आहे. पण तो हाडांचाही आजार आहे, हे फारसे कुणी सांगत नाही. या आजारात तांबड्या पेशी प्राणवायू कमी पडला की विळ्यासारख्या वाकतात, ताठर होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसतात. मांडीच्या हाडाच्या माथ्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या मुळातच बारीक आणि मोजक्या. त्या तुंबल्या की तेवढा हाडाचा भाग उपाशी राहतो आणि मरतो. मेलेले हाड लगेच मोडत नाही. काही महिने साध्या एक्स-रेत काहीच दिसत नाही. ते एमआरआयमध्ये आधी दिसते. शरीर मेलेले हाड काढून नवे घालायचा प्रयत्न करते, पण अंगावरचा भार थांबत नाही. डोक्यावर पाटी, पाठीवर पोते, चिखलात वाकून रोवणी हे सगळे चालूच असते. मग एक दिवस माथा आतून खचतो. डॉक्टर याला एव्हीएन म्हणतात.

१९९१ साली अमेरिकेतील डॉक्टरांनी सिकलसेलच्या २,५९० रुग्णांच्या खुब्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अभ्यास सुरू होतानाच सुमारे १० टक्के रुग्णांच्या खुब्याचे हाड मेलेले आढळले. त्यांत पाच वर्षांची मुलेही होती, आणि अनेकांना निदानाच्या वेळी दुखतही नव्हते. म्हणजे दुखायला लागेपर्यंत वाट पाहणे हीच पहिली चूक आहे.

हा आजार आमच्याच वस्त्यांत इतका का, असा प्रश्न विचारला जातो आणि तो विचारताना अनेकदा कुत्सित सूर असतो. त्याचे उत्तर विज्ञानाने १९५४ सालीच दिले आहे. अँथनी ॲलिसन यांनी दाखवून दिले की, सिकलसेलचे एकच जनुक असलेल्या वाहकाला मलेरियापासून बऱ्यापैकी संरक्षण मिळते. जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता, त्या प्रदेशांतील माणसांत ते जनुक टिकले. आफ्रिकेत टिकले, भूमध्य समुद्राच्या काठी टिकले, आणि मध्य भारताच्या जंगलपट्ट्यातही टिकले. विदर्भातील बौद्ध आणि आदिवासी समाजात, नंदुरबारच्या भिल्ल-पावरा वस्त्यांत आणि इतर मागासवर्गीयांतही ते आढळते. यात कुणाचा दोष नाही, कुणाचे पाप नाही. मात्र एक गोष्ट समाजाने केलेली आहे. जातीतल्या जातीत लग्ने लावण्याची सक्ती हीच जातिव्यवस्थेचा पाया आहे, हे बाबासाहेबांनी १९१६ सालीच कोलंबिया विद्यापीठातील निबंधात मांडले होते. वाहक-वाहकांची गाठ पडण्याची शक्यता त्याच बंदिस्तपणाने वाढते. दोन्ही आई-वडील वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी होण्याची शक्यता २५ टक्के असते.

आता या आजाराच्या अभ्यासाचा इतिहास पाहा. १९१० साली शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी एका रुग्णाची हकिगत वैद्यकीय नियतकालिकात छापली. पाश्चात्त्य वैद्यकात सिकलसेलची ही पहिली नोंद. रुग्ण होता ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला आलेला वीस वर्षांचा कृष्णवर्णीय विद्यार्थी. लेखात त्याचे वय आले, वर्ण आला, पेशींची छायाचित्रे आली. वॉल्टर क्लेमेंट नोएल हे त्याचे नाव मात्र जगाला अनेक दशकांनी कळले. तोपर्यंत शास्त्र खूप पुढे गेले होते. १९४९ साली लायनस पॉलिंग यांनी हा रेणूच्या पातळीवरचा आजार असल्याचे सिद्ध केले. वाहवा झाली, पण रुग्णाच्या घरी औषध पोहोचले नाही. १९७० साली व्हर्जिनियातील डॉ. रॉबर्ट स्कॉट यांनी आकडे मांडून दाखवले की, गोऱ्या मुलांत अधिक आढळणाऱ्या आजारांना जो पैसा मिळतो, त्याच्या पासंगालाही सिकलसेलचा पैसा पुरत नाही.

मग बदल कुणी घडवला? १९७१ साली ब्लॅक पँथर पक्षाने आपल्या मोफत दवाखान्यांतून आणि वस्त्यावस्त्यांतून सिकलसेलची तपासणी सुरू केली. सरकार करत नाही तर आम्ही करतो, अशी ती भूमिका होती. त्यांच्या आणि इतरांच्या रेट्यातून १९७२ साली अमेरिकेत सिकलसेल नियंत्रणाचा कायदा झाला. त्याच १९७२ साली मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली, आणि तिने आपले नाव त्याच पक्षावरून घेतले. नाव आपण घेतले, लढाऊ बाणा घेतला. पण रक्त तपासणारा तो दवाखाना मात्र आपण घेतला नाही. ही कबुली द्यायला हरकत नसावी.

त्या इतिहासातून एक धोक्याची सूचनाही मिळते. तपासणी झाली, पण समजावून सांगणे आणि उपचार मागे राहिले. आजारी आणि वाहक यांतला फरक लोकांना कळला नाही. विम्यात अडथळे आले, नोकऱ्या नाकारल्या गेल्या. अमेरिकेच्या हवाई दलाच्या अकादमीने तर वाहक तरुणांना १९८१ पर्यंत प्रवेश दिला नाही. ज्याच्या हातात कार्ड पडले, त्याच्या कपाळावर शिक्का बसला. आपल्याकडे १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. २०४७ चे उद्दिष्ट आणि सात कोटी लोकांची तपासणी, असा त्याचा आवाका आहे. त्याचे आम्ही स्वागतच करतो. पण तपासणीचे आकडे फुगवून अभियान यशस्वी होत नसते. ज्याची तपासणी झाली, त्याचा खुबा पुढे कुणी तपासला काय, हा खरा प्रश्न आहे. अभियानाचा भर आदिवासी भागावर आहे. नागपूर, भंडारा, चंद्रपूरच्या शहरी झोपडपट्ट्यांतला बौद्ध रुग्ण त्यातून निसटता कामा नये.

हाडाचे काय करायचे, याविषयी संशोधन काय सांगते तेही सामान्य माणसाला कळले पाहिजे. मेलेल्या माथ्यात छिद्र पाडून आतला दाब कमी करण्याची एक शस्त्रक्रिया आहे. फ्रान्समधील डॉ. फिलिप हर्निगू यांनी कमरेच्या हाडातील मगज काढून, तो घट्ट करून अशा छिद्रात सोडण्याची पद्धत विकसित केली आणि सिकलसेलच्या रुग्णांवरही वापरली. पण २००६ साली अमेरिकेतून प्रसिद्ध झालेली एक चाचणी आमच्या दृष्टीने फार मोलाची आहे. सिकलसेलचे ४६ रुग्ण चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटले गेले. एका गटाला छिद्राची शस्त्रक्रिया आणि फिजिओथेरपी, दुसऱ्याला फक्त फिजिओथेरपी. सरासरी तीन वर्षांनंतर पहिल्या गटात ८२ टक्के आणि दुसऱ्या गटात ८६ टक्के खुबे टिकले होते. चाचणी लहान होती, काळ थोडा होता, हे मान्य. तरीही तिचा अर्थ गरिबाला कळण्याजोगा आहे. वेळेवर निदान झाले, कुबडीने भार कमी केला आणि शिकवलेला व्यायाम नेमाने केला, तर त्याचा लाभ महागड्या शस्त्रक्रियेच्या तोडीचा असू शकतो. यासाठी मोठे यंत्र लागत नाही. तालुक्याच्या रुग्णालयात एक फिजिओथेरपिस्ट लागतो. ते पद किती ठिकाणी मंजूर आहे आणि किती ठिकाणी भरलेले आहे, हे आमच्या लोकप्रतिनिधींनी सभागृहात विचारावे.

हायड्रॉक्सीयुरिया या गोळीने वेदनेचे झटके जवळपास निम्म्याने कमी होतात, हे १९९५ सालीच सिद्ध झाले आहे. ती खुब्याचे हाड वाचवतेच, असे सिद्ध झालेले नाही. पण ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली नियमित मिळणे हा रुग्णाचा हक्क आहे. पंधरा दिवस गोळ्या आणि दोन महिने खडखडाट, असा कारभार चालणार नाही.

माथा पूर्ण खचल्यावर सांधा बदलण्याशिवाय मार्ग उरत नाही. हा रुग्ण साठीचा नसतो, विशी-तिशीचा असतो. म्हणून त्याला आयुष्यात पुन्हा एकदा तरी तीच शस्त्रक्रिया लागण्याची शक्यता मोठी. हाडाची नळी आतून घट्ट झालेली असते, जंतुसंसर्गाचा धोका जास्त असतो. २०१३ च्या एका चाचणीत सिकलसेलच्या ज्या रुग्णांना शस्त्रक्रियेआधी रक्त दिले नाही, त्यांतील ३९ टक्के रुग्णांत गंभीर गुंतागुंत झाली. ज्यांना दिले त्यांच्यात हे प्रमाण १५ टक्के होते. म्हणजे नुसता सर्जन पुरत नाही. रक्तपेढी आणि भूलतज्ज्ञही तयार हवेत. आणि किमतीचे काय? ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. त्या आदेशात खुबा नव्हता. गुडघा झिजतो तो बहुधा उतारवयात, आणि तिथे मध्यमवर्गाचा आवाज मोठा आहे. शेतमजुराच्या पोराच्या खुब्यासाठी कोण बोलणार?

कायद्यातही असाच एक खड्डा आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सिकलसेलला २१ दिव्यांगत्वांत स्थान दिले. शिक्षणातील सवलतीचा मार्ग त्यामुळे खुला झाला. पण त्याच कायद्यातील सरकारी नोकऱ्यांच्या चार टक्के आरक्षणात रक्ताचे आजार नाहीत. चालण्याफिरण्याचे दिव्यांगत्व आहे. याचा सरळ अर्थ असा की, वेदनेने दर दोन महिन्यांनी अंथरुणाला खिळणाऱ्या मुलाला त्या आरक्षणात जागा नाही. त्याचा खुबा मेला, तो लंगडा झाला, तरच तो पात्र ठरेल. हाड मरेपर्यंत थांबायला सांगणारा हा कोणता न्याय? ही दुरुस्ती झालीच पाहिजे.

वैद्यकीय महाविद्यालयांतूनही आमच्या रुग्णांवर अभ्यास होतात. ते व्हावेत. विदर्भातील सिकलसेल सौम्य असतो, हा गैरसमज नागपूरच्या डॉक्टरांनी रुग्णांच्या नोंदी ठेवूनच खोडून काढला. पण ‘बावीस वर्षांचा पुरुष, उजवा खुबा’ एवढ्या ओळीत माणूस संपता कामा नये. ज्याच्या फिल्मवर प्रबंध पूर्ण झाला, त्याला पुढच्या वर्षी तपासणीसाठी बोलावले गेले काय? प्रत्येक सिकलसेल रुग्णाच्या खुब्याची ठरावीक काळाने तपासणी आणि त्याची कायम नोंदवही, ही आमची साधी मागणी आहे.

समाजानेही आपला वाटा उचलावा. १४ एप्रिलला आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी विहाराविहारांतून रक्ततपासणीची शिबिरे घेता येतील. साध्या चाचणीला थोडेसेच रक्त लागते. पक्के निदान मात्र प्रयोगशाळेतच करून घ्यावे. वधू-वर मेळाव्यात आम्ही पत्रिका कधीच बाद केल्या. तिथे आता सिकलसेलचे कार्ड विचारायला लाजू नये. आणि कार्ड पाहून मुलीला नाकारण्याचा नवा सोवळेपणाही आणू नये. वाहक म्हणजे आजारी नव्हे. दोघे वाहक असले तरी गर्भावस्थेतील तपासणीचा पर्याय आहे. सल्ला डॉक्टरांचा घ्यावा, निर्णय त्या दोघांचा असावा.

आणि घरातल्या पोराला जांघेत दुखते, मांडी वळत नाही, तो थोडा लंगडतो असे दिसले, तर त्याला वात म्हणू नका, आळशी म्हणू नका. त्याच आठवड्यात दवाखान्यात न्या आणि खुबा तपासा असे स्वतःहून सांगा. एक्स-रेत काही नाही म्हणून परत पाठवले, तर एमआरआयचा आग्रह धरा. मेलेले हाड खचायला थोडा अवधी असतो. तेवढाच आपल्या हातात असतो.