नियम तिचा, पण पाळायला घर लागतं



गेल्या दोन महिन्यांत मी दुपारच्या स्वाध्यायाला आले नाही, म्हणून तिघी-चौघींनी विचारलं. एकीने हसत विचारलं, “काय वहिनी, नातवंडांच्या मोहात पडलात वाटतं?” मोह आहेच, नाही म्हणत नाही. पाच महिन्यांची नात खांद्यावर मान टाकून झोपली की मला जागचं उठवत नाही. पण स्वाध्याय सुटण्याचं कारण तेवढंच नाही. ते आज नीट सांगते, कारण हे एकट्या माझ्या घरातलं नसावं असं मला वाटतं.

आमच्या घरी थोरला अडीच वर्षांचा आणि धाकटी पाच महिन्यांची. सुनेचं पहिलं बाळंतपण माहेरी झालं. दुसऱ्या वेळी तिच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं, म्हणून ती आमच्याकडेच राहिली. सव्वा महिन्यानंतर बाळाला मंदिरात नेलं, दर्शन झालं, आणि आम्ही सगळे आपापल्या रोजच्या कामांना लागलो. चूक तिथेच झाली. आमचं रोजचं सुरू झालं. तिचं कसं सुरू होणार, हे कुणी पाहिलं नाही.

डिसेंबरातली गोष्ट. मंडळात एकीच्या व्रताचं उद्यापन होतं. जेवण वेळेत झालं, गप्पा झाल्या, मी सव्वासहाला घरी आले. स्वयंपाकघरात ओट्यावर झाकलेलं ताट होतं. उघडलं तर दोन भाकऱ्या, मुगाची आमटी, दुधीची भाजी, सगळं जसंच्या तसं. सून आतल्या खोलीत बाळाला पाजत बसलेली. मी म्हटलं, “अगं, जेवली नाहीस?” ती म्हणाली, “सूर्य मावळला, आई.”

तिचा रात्री न जेवण्याचा नियम लग्नाआधीचा आहे. दशलक्षणात घेतलेला. पाणी आणि औषध चालतं, बाकी काही नाही. त्या दिवशी तिने सव्वापाचला सासऱ्यांना वाढलं होतं. मग थोरल्याला भरवायला बसली. त्याने वाटी उलटी केली, ती पुसून घेतली, त्याला दुसरं भरवलं. तेवढ्यात धाकटी उठली ती थांबेचना. तिला घेऊन येरझाऱ्या घालता घालता सहा वाजून गेले. आमचे हे बाहेर बाकावर पेपर वाचत होते. ते जेवले होते, मी जेवले होते, थोरला जेवला होता. दोन जिवांसाठी जिने जेवायचं ती तेवढी राहिली.

रात्री अडीचला मला पेल्याचा आवाज आला. ती पाणी पिऊन परत पाजायला बसत होती. सकाळी थोरल्याला उचलायला वाकली आणि तिला चक्कर आली. पाळण्याची दांडी धरून ती खाली बसली म्हणून निभावलं, मूल हातात नव्हतं.

तिने मला एक शब्द बोलून दाखवला नाही. बोलली असती तर मला बरं वाटलं असतं.

मी १९८२ साली बी.कॉम. झाले आणि त्याच वर्षी लग्न होऊन आले. पदवीचा उपयोग दूध-किराण्याच्या हिशोबापलीकडे फारसा झाला नाही. त्या दिवशी मात्र कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीने सुनेच्या चोवीस तासांची कीर्द लिहिली. बाळाला पाजणं दिवसरात्र मिळून नऊ वेळा, ढेकर काढून दर वेळी चाळीस मिनिटं. झाले सहा तास. लंगोट बदलणं दहा वेळा, पन्नास मिनिटं. दोघांचं मालिश-आंघोळ सव्वा तास. थोरल्याचं खाणं चार वेळा अर्धा-अर्धा तास, म्हणजे दोन तास. त्याला झोपवणं दोनदा, एक तास वीस मिनिटं. लहान कपडे धुणं, वाळत घालणं, घड्या, एक तास. स्वयंपाकातला आणि घरातला तिचा वाटा अडीच तास. तिची स्वतःची आंघोळ, जप, जेवणं मिळून सव्वा तास. तेरीज झाली सोळा तास दहा मिनिटं. शिल्लक सात तास पन्नास मिनिटं.

हिशोब पाहून ह्यांनी म्हटलं, “मग आठ तास झोप होते की!” कागदावर होते. पण ही शिल्लक सगळी चिल्लर आहे. कुठे वीस मिनिटं, कुठे चाळीस. त्यातही थोरला कुठे चढतोय, बाळाच्या तोंडात काय घालतोय, याकडे लक्ष हवंच. तिची सलग झोप एका तुकड्यात दोन तासांची नव्हती. पाचशेची नोट आणि पाचशेची चिल्लर वहीत सारखीच मांडतात. झोपेचं तसं नसतं.

तुम्ही म्हणाल, आपण नाही का वाढवली? वाढवली. माझा मुलगा आणि मुलगी यांच्यात दोन वर्षांचं अंतर. पण मी खरंच एकटीने वाढवली का, हे आठवून पाहिलं. आमचं घर शिरोळ तालुक्यातलं, चौसोपी. पाळणा सोप्यात टांगलेला. येणारा-जाणारा दोरीला एक झोका देऊन जायचा. दोन जावा होत्या, आत्याबाई होत्या, परड्यात म्हशींचं बघणारी बाई होती. मुलगा रांगत कुणाच्या मांडीवर गेला ते मला तासभर कळायचंही नाही. सासूबाई कडक होत्या. “जा, तू झोप” असं त्या मला कधीही म्हणाल्या नाहीत. पण दिवस कलायला लागला की माझं ताट पहिलं वाढायच्या. “पाजणारी आहे, आधी बस,” एवढंच बोलायच्या. त्यांचं ते बोलणं मला तेव्हा हुकूम वाटायचं. त्यात माया होती हे मला चाळीस वर्षांनी, ते झाकलेलं ताट पाहिल्यावर कळलं.

आता आम्ही फ्लॅटमध्ये. दार लावलं की चार माणसं आणि दोन मुलं. पाळणा आहे, पण येणारं-जाणारं कुणी नाही. म्हणजे आपल्या पिढीने जे बारा हात वापरले, ते सुनेला मिळालेले नाहीत. आणि आपण तिच्याकडून अपेक्षा मात्र त्याच बारा हातांच्या हिशोबाने करतो.

आता मुख्य मुद्दा. हा प्रसंग मी दोघी मैत्रिणींना सांगितला. एक म्हणाली, “तिला म्हणावं, मूल अंगावर आहे तोवर नियम सोड. देव काही रागावणार नाही.” दुसरी म्हणाली, “नियम घेतला तर परीक्षा होणारच, कर्मनिर्जराच आहे.” दोघींचं मला पटलं नाही. नियम तिने घेतला आहे. तो ठेवायचा, सैल करायचा, महाराजांना किंवा माताजींना विचारून सवलत घ्यायची, हे तिने ठरवायचं. तिने उद्या रात्री कपभर दूध घेतलं तर घरात कुणी भुवई उचलायची नाही, एवढं मी बजावलं आहे. पण “नियम सोड” म्हणणं मला सोयीचं वाटतं. ताट वेळेवर देण्याचा त्रास वाचतो ना! आणि “परीक्षा” म्हणणं त्याहून सोयीचं. परीक्षा तिची, आणि पेपर अवघड करणारे आपण.

थोडा विचार करा. हिवाळ्यात आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो. ज्या दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटं, आधी आवरतात त्यांना सव्वापाचच्या आत जेवायचं असतं. आणि तान्ह्या बाळांची किरकिर नेमकी कधी सुरू होते? संध्याकाळी. दुपारची झोप काढून चिडलेला अडीच वर्षांचा मुलगा कधी उठतो? साडेचार-पाचला. म्हणजे नियमाची वेळ आणि मुलांच्या रडण्याची वेळ एकच. कितीही श्रद्धाळू आई असली तरी दोन हातांत ते बसत नाही. नियम एकटीचा असतो, पण तो पाळायला सगळं घर लागतं. पुरुषांचे नियम आजवर सहज पाळले गेले, कारण त्यांचं ताट कुणीतरी वेळेवर वाढत होतं.

तब्येतीचंही सांगते. पहिले सहा महिने बाळाला आईचंच दूध द्यायचं, वरचं पाणीसुद्धा नाही. आणि पाजणाऱ्या आईला रोज साधारण पाचशे कॅलरी जास्त लागतात. आपल्या भाषेत दोन भाकऱ्या आणि वाटीभर आमटी. म्हणजे आमच्या ओट्यावर झाकून राहिलं होतं ते साधारण तेवढंच.

मग आम्ही काय बदललं? दुपारी दोन ते चार दोन्ही मुलं माझ्याकडे. सून दार लावून झोपते. बाळ भुकेने रडलं तरच उठवायचं, एरवी नाही. पावणेपाचला हे थोरल्याला घेऊन खाली जातात. कोपऱ्यावरच्या गोठ्यातलं वासरू बघतात, तास काढून येतात. पहिल्या दिवशी वीस मिनिटांत परत आले होते, आता जमतं. बाळ माझ्या खांद्यावर. पाच वाजता पहिलं ताट सुनेचं, आणि ती खुर्चीवर बसून जेवते. खारीक-खोबऱ्याचा लाडू ताटातच असतो, “नंतर खाते” चालत नाही. मग मी जेवते. हे आल्यावर स्वतः वाढून घेतात. चाळीसेक वर्षांच्या संसारात त्यांना आमटीचं पातेलं कुठलं हे आत्ता कळलं. मुलगा साडेसातला येतो. रात्री दहानंतरचे लंगोट आणि सकाळी थोरल्याची आंघोळ त्याच्याकडे. त्याला मी एकदाच सांगितलं, की “बायकोला मदत करतो” असं म्हणू नकोस. मुलं तुझीही आहेत.

रात्रीचं जागरण मला होत नाही, तेही मी स्वच्छ सांगितलं. आजीला फुकटची दाई समजणारी घरं आहेत, तिथल्या बायकांची पाठ आणि मन दोन्ही मोडलेलं मी पाहिलं आहे. म्हणून वेळ ठरवून घ्यावी. दोन तास म्हणजे दोन तास. मनातल्या मनात कुढत दिवसभर करण्यापेक्षा हे बरं.

थोरल्याचंही एक सांगायचं राहिलं. मी त्याला सारखी म्हणायची, “तू आता मोठा झालास ना?” एका दुपारी तो बाळाच्या दुपट्यावर आडवा झाला आणि म्हणाला, “आजी, मलापण गुंडाळ.” पाय बाहेर येत होते. मी गुंडाळलं. दहा मिनिटं शांत पडून राहिला, मग स्वतःच उठून गाडी खेळायला गेला. अडीच वर्षांचं मूल मोठं नसतं. त्याच्यापेक्षा लहान कुणीतरी घरात आलंय, इतकंच. तेव्हापासून ते वाक्य मी बंद केलं. मन-वचन-कायेने हिंसा टाळायची म्हणतो, तर वचनाची सुरुवात घरातल्या सगळ्यात लहान माणसापासून करावी.

आता स्वाध्यायाबद्दल. समंतभद्राचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात श्रावकाच्या चार शिक्षाव्रतांत वैयावृत्त्य सांगितलं आहे. तिथे सेवा आहे ती त्यागी-व्रतींची, हे मला माहीत आहे. सुनेला भाकरी वाढून मी वैयावृत्त्य केलं असा दावा मी करत नाही. पण थकलेल्या जिवाचं ताट ओळखायची सवय ज्या हातांना घरात लागली नाही, ते हात आहाराच्या वेळी चौक्यात शुद्ध वस्त्र नेसून उभे राहिले तरी काय ओळखणार? मी सध्या पहाटे घरीच दोन पानं वाचते. रविवारी मुलगा घरी असतो, तेव्हा मंदिरात येते. सहा-आठ महिन्यांनी धाकटी वरणभात खायला लागेल, तेव्हा पुन्हा रोज येईन.

तोवर मंडळातल्या सगळ्यांना दोन विनंत्या. बाळ बघायला जायचं असेल तर संध्याकाळी पाचला जाऊ नका. त्या घरच्या आईची जेवायची तेवढी एकच वेळ असते, आणि ती तुमचा चहा टाकत बसते. गेलातच, तर बाळ मांडीवर घ्या आणि तिला म्हणा, “तू आधी जेवून घे, आम्ही आहोत.” आणि हिवाळ्यात स्वाध्याय तीनऐवजी अडीचला सुरू करून साडेचारला संपवता आला तर पाहा. बऱ्याच जणींच्या घरी कुणीतरी ताट झाकून वाट बघत असेल.

जय जिनेंद्र.