पाच डॉलरची वर्गणी

वृत्तपत्रस्वातंत्र्याचा विषय निघाला की आपण सरकारकडे बोट दाखवून मोकळे होतो. सरकारी दडपण, खटले, जप्त्या ही संकटे खरीच आहेत. परंतु वृत्तपत्र ज्याच्या पैशावर चालते आणि जो ते वाचतो, त्यांच्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. या दृष्टीने अमेरिकेतील एका लहानशा साप्ताहिकाची हकीकत मला फार उद्बोधक वाटते.

१९५२ साली न्यूयॉर्कचे ‘डेली कंपास’ हे दैनिक बंद पडले आणि आय. एफ. स्टोन हा पत्रकार बेकार झाला. सिनेटर मॅकार्थी यांच्या आरोपसत्राचा तो काळ. डाव्या मतांच्या माणसाला नोकरी मिळणे कठीण होते. तेव्हा स्टोनने जानेवारी १९५३ मध्ये वॉशिंग्टनला स्वतःच्याच नावाचे चार पानी साप्ताहिक काढले. वर्गणी वर्षाला ५ डॉलर. जाहिराती नाहीत, धनिक पाठीराखा नाही. बंद पडलेल्या पत्रांच्या जुन्या वर्गणीदारांना पत्रे धाडून सुमारे ५,३०० वर्गणीदार मिळाले. लेखक, बातमीदार आणि संपादक एकच. कचेरीचा आणि वर्गणीचा व्याप पत्नी एस्थर सांभाळी.

स्टोनला ऐकू कमी येई. त्यामुळे मंत्र्यांच्या मेजवान्यांतील कुजबुजीवर त्याचा व्यवसाय चालणे शक्य नव्हते. तो वाचीत बसे. काँग्रेसच्या समित्यांपुढील साक्षी, सरकारी अहवाल, दैनिकांच्या आतल्या पानांवरील चार ओळींच्या बातम्या, हेच त्याचे भांडवल.

या वाचनाचे सामर्थ्य केवढे, ते एका प्रसंगावरून कळते. १९ सप्टेंबर १९५७ रोजी अमेरिकेने नेवाडात भूगर्भात अणुस्फोट घडवला. पुढे १९५८ मध्ये, अणुचाचणीबंदीची चर्चा चालू असताना, अणुशक्ती आयोगाने जाहीर केले की स्फोटाचा धक्का २०० मैलांपलीकडे नोंदला गेला नव्हता. म्हणजे चोरून केलेली चाचणी पकडता येणार नाही. मग बंदीचा करार हवा कशाला? परंतु स्फोटानंतर लगेच दूरदूरच्या शहरांतून धक्का नोंदल्याच्या बारीकशा बातम्या आल्या होत्या, आणि स्टोनने ती कात्रणे जपून ठेवली होती. त्याने सरकारच्याच भूकंपनोंदी ठेवणाऱ्या खात्याकडे विचारणा केली. धक्का २,३०० मैलांवरील अलास्कातील फेअरबँक्सपर्यंत पोचला होता! आयोगाला आपले निवेदन दुरुस्त करावे लागले. यात गुप्त असे काहीच नव्हते. सारे उघड्यावर पडले होते. कोणी वाचले नव्हते, इतकेच.

मग वर्गणीदाराच्या पैशावर चालणारे पत्र म्हणजे आदर्श पत्र, असे म्हणायचे का? तेही पूर्ण खरे नाही. १९५६ मध्ये स्टोन सोव्हिएत रशियाला जाऊन आला आणि तेथील समाज चांगला नाही, राज्यकर्ते प्रामाणिक नाहीत, असे त्याने स्पष्ट लिहिले. त्याचे वाचक बहुतेक डावे. शेकडो वर्गणीदार तुटले. जाहिरातदार नव्हता, मालक नव्हता. पण वाचकाची खुशामत करण्याचा मोह तर होताच! स्टोनने तोही टाळला. माझ्या मते त्याचे खरे मोठेपण येथे आहे.

याची दुसरी बाजू अलीकडे दिसली. ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने वॉटरगेट प्रकरण उजेडात आणले. २०१३ मध्ये ते पत्र उद्योगपती जेफ बेझोस यांनी विकत घेतले. ऑक्टोबर २०२४ मध्ये, अध्यक्षीय निवडणूक तोंडावर असताना, कोणत्याच उमेदवाराला पाठिंबा द्यायचा नाही असे त्यांनी ठरवले. दोन लाखांहून अधिक वाचकांनी वर्गणी बंद केल्याच्या बातम्या आल्या. त्यांचा संताप मला समजतो. पण अशा बहिष्काराने धनाढ्य मालकाचे काय बिघडते? झळ पोचते ती मन लावून काम करणाऱ्या बातमीदाराला. वर्गणी हा मालकाला शिक्षा करण्याचा दंडुका नव्हे. ज्याचे काम आपल्याला हवे आहे त्याला दिलेले ते बळ आहे.

१९७१ च्या अखेरीस प्रकृतीमुळे स्टोनने साप्ताहिक थांबवले, तेव्हा वर्गणीदार ७०,००० च्या घरात होते. रशियाविषयीच्या लेखाने शेकडो गेले, हजारो आले. आपल्याला न रुचणारे लिहिणाऱ्यालाही वर्गणी देत राहणारे वाचक त्यांत असलेच पाहिजेत.

मित्रहो, आपण पत्रकार होऊ न होऊ, वाचक तर आहोतच. मूळ ग्रंथ बाजूला ठेवून मार्गदर्शिकेवर परीक्षा देणारा विद्यार्थी उद्या सरकारी निवेदनावरही सहज विश्वास ठेवील. निर्भीड पत्र हवे असेल तर आपल्याला दोन गोष्टी कराव्या लागतील. त्याचे मोल द्यावे लागेल, आणि आपल्या मताविरुद्धचा मजकूरही शेवटपर्यंत वाचावा लागेल. पहिलीपेक्षा दुसरी अधिक कठीण आहे.