मूर्खांची यादी आणि आपण



या खेपेला आम्ही दासबोध उघडला आहे. घाबरू नका, प्रवचन करायचा विचार नाही. दासबोधाचे दशक २०, प्रत्येकात समास १०, म्हणजे एकूण २०० समास. त्यातला एकच आज घेतो. दुसऱ्या दशकातला पहिला, 'मूर्खलक्षण'. लहानपणी कान धरताना घरातल्या मोठ्यांनी यातला एखादा तुकडा ऐकवल्याचं आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. सगळा समास सलग वाचलेले मात्र थोडे. खरं तर दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे, आणि मधून मधून हसू येतं.

हसू अशासाठी की समर्थांचा मूर्ख आपल्या चांगल्या ओळखीचा निघतो. दोघं बोलत बसले असताना हा तिसरा जाऊन मध्ये बसतो आणि दोन्ही हातांनी डोकं खाजवतो. सगळे जागे असताना हा त्यांच्यात झोपतो. लोकांच्या घरी जाऊन पोटभर म्हणजे अगदी पोटभर जेवतो. स्वतःची स्तुती स्वतःच करतो, आणि ती संपली की वाडवडिलांच्या मोठेपणाच्या गोष्टी काढतो. आता आपली शनिवारची पॉटलक डोळ्यांसमोर आणा. नावं घेत नाही!

बघा, गणित कच्चं असलेला माणूस या यादीत नाही. अक्षरशत्रूही नाही. समर्थांनी आयुष्यातली बरीच वर्षं हिंडण्यात घालवली, माणसं जवळून पाहिली, आणि मूर्खपणा मोजला तो वागण्यावरून. अवगुण सांगितले तेही सोडून देण्यासाठी, कुणाला चिडवण्यासाठी नव्हेत.

आपल्यासारख्या परदेशी राहणाऱ्यांसाठी यात दोन खास जागा आहेत. स्वदेशात राहून जो हाल सोसतो तो मूर्ख, असं एका ठिकाणी आहे. वा! या परीक्षेत तर आपण व्हिसाचा शिक्का मिळाला तेव्हाच पास झालो. पण जरा पुढे गेलं की सोबतीवाचून जो परदेशी जातो तोही मूर्ख. दोन सुटकेस घेऊन एकट्यानं विमानतळावर उतरलेल्या आपल्या जुन्या मंडळींनी ही ओवी वाचून काय म्हणावं? आमच्या मते त्यांनी तिला उत्तर दिलं आहे. टेलिफोनच्या जाड पुस्तकात जोशी, कुलकर्णी, पाटील शोधून अनोळखी घरी फोन लावणाऱ्या त्या पिढीनंच सोबत तयार केली. आजची मंडळं त्यातूनच उभी राहिली.

आणखी एक लक्षण आहे, लक्ष्मी आल्यावर मागची ओळख न धरणारा. यावर आम्ही काही लिहीत नाही. पहिल्या वर्षी ज्यांच्या सोफ्यावर झोपलात त्यांना या दिवाळीला फोन केलात का, एवढंच विचारतो.

आम्ही खरे थांबलो ते वेगळ्याच ओवीपाशी. घरच्यांवर दात-ओठ खाणारा आणि बाहेर गरीब बापडा होणारा, तोही समर्थांच्या हिशेबी मूर्खच. घरात वाघ, बाहेर शेळी. हे लिहिलं गेलं सतराव्या शतकात, पण बसतं आपल्या गराजपर्यंत. बाहेर आपला माणूस किती सोसतो! साहेब दहा वर्षं नाव चुकीचं उच्चारतो, आपण हसून 'इट्स ओके' म्हणतो. मीटिंगमध्ये आपलंच म्हणणं दुसरा स्वतःचं म्हणून मांडतो, आपण मान हलवतो. दुकानात कुणी उद्धटपणे बोललं तरी 'थँक यू' म्हणून निघतो. हे सगळं गाडीत साठत साठत घरी येतं, आणि मग आमटीत मीठ कमी पडलं किंवा मुलाच्या प्रगतिपुस्तकात एक 'बी' दिसला की तोफ सुटते.

ती सुटते कुठल्या भाषेत? मराठीत! राग मातृभाषेतच येतो, त्याला इलाज नाही. पण मुलांच्या बाजूनं जरा पाहा. आई-बाबा शेजाऱ्याशी, शिक्षिकेशी, पोस्टमनशी गोड बोलतात ते इंग्रजीत. आवाज चढतो, दारं आपटतात, लाज काढली जाते ती मराठीत. पाच-सहा वर्षांच्या पोरानं यातून काय समजायचं? इंग्रजी ही सभ्यपणाची भाषा आणि मराठी ही ओरडा खाण्याची. मग रविवारच्या मराठी वर्गात ते हाताची घडी घालून बसतं, आणि आपण चहा पिता पिता तक्रार करतो की ही मुलं मराठीत उत्तरच देत नाहीत. 'प्लीज', 'सॉरी' ऐकायची सवय मुलांना शाळेत लागते. 'बाळा, चुकलं माझं', 'जरा देतेस का गं', 'वा, छान केलंस' हे त्यांनी कुठे ऐकायचं? घराखेरीज दुसरी जागा नाही. आजी-आजोबा सहा महिने येऊन राहतात तेव्हा मुलं पटापट बोलू लागतात, ते काही आजी व्याकरण शिकवते म्हणून नव्हे.

समासातलं सगळंच आज पटेल असं नाही, हेही सांगून टाकतो. बायकोच्या सल्ल्यानं चालणाऱ्याला आणि सासुरवाडीला राहणाऱ्याला समर्थ मूर्खांत बसवतात. बाळंतपणाला सासूबाई येऊन राहिल्या नसत्या तर आपल्यापैकी कितीजणांचं काय झालं असतं कोण जाणे. जातीपातीचे उल्लेखही त्या काळचे आहेत, ते तिथेच राहू द्यावेत.

उलट भांडण बघत उभा राहणारा, ते न सोडवता मजा पाहणारा मूर्ख, ही ओवी मंडळाच्या नोटिस बोर्डावर लावावी अशी. गणपतीच्या वर्गणीवरून, नाटकातल्या भूमिकेवरून मंडळं फुटल्याच्या गोष्टी गावोगावी ऐकू येतात. भांडणारी घरं दोनच असतात. बाकीचे पन्नास 'आम्ही कशाला मध्ये पडू' म्हणतात आणि रात्री एकमेकांना फोन करून ताजी बातमी विचारतात. दुसऱ्याचं उणं रात्री बोलत बसणं हेही यादीत आहेच.

आणि आम्ही तर एम.एस., पीएच.डी., आम्हाला हे लागू नाही असं कुणाला वाटत असेल, तर त्याच दशकाचा दहावा समास काढावा. तिथे 'पढतमूर्ख' भेटतो. स्वतःत असलेलाच दोष दुसऱ्याला लावणारा, आणि ग्रंथ पुरता न वाचताच त्याला नावं ठेवणारा. वाचताना शेजारी कोण बसलंय ते पाहू नये.

शेवटी एक विनंती. जो पुस्तक स्वतः वाचत नाही, दुसऱ्याला वाचू देत नाही आणि बांधून ठेवतो, त्याचीही एक ओवी या समासात आहे. मंडळाच्या पेटीतली दासबोधाची प्रत गेल्या दिवाळीपासून कुणाकडे तरी आहे. ज्यांच्याकडे असेल त्यांनी संक्रांतीच्या कार्यक्रमाला घेऊन यावी. पुढे चार घरं वाट पाहत आहेत.